मुकादमाच्या हौदातली झाडं

हौसेने झाडं लावणारी माणसं वेगळी. आमची ताई त्यातली नव्हे. तिच्या घरात कुंडी म्हणून नव्हती कधी. म्हणायची, दिवसभर लोकांची घाण धुते, आता घरी येऊन झाडांची माती कोण धुणार? अशा बाईला पन्नाशी उलटल्यावर नर्सरीच्या दारात उभं राहून पाण्यातली झाडं निवडावी लागली, आणि तीही एका कासवासाठी. नशिबाला सुद्धा कधी कधी दुसरा उद्योग नसतो.

ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिला ताईच म्हणते, आणि सख्ख्या बहिणीशी भांडले नसेन इतकी तिच्याशी भांडलेय. आमची दोन घरं एका भिंतीची, मागचं अंगण सामाईक. मी घरी शिलाई करते, ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात जाते. उन्हाळ्यात लोक सावली शोधतात, ही वाफेत जाऊन उभी राहते. तिथे भली मोठी यंत्रं आहेत, त्यांतून ओल्या चादरींचे ढीग निघतात, आणि इस्त्रीचा एक तापलेला रूळ आहे, त्याच्यात एकीने चादर सरकवायची, दुसरीने पलीकडून धरायची. ताई पलीकडे असते. तिच्या मनगटांवर भाजल्याचे डाग आहेत, काही जुने, काही कालचे. संध्याकाळी परत येते तेव्हा पायरीशी कठड्याला धरून थोडी थांबते, मगच चढते. माझं मशीन खिडकीत आहे, मला रोज दिसतं ते.

दादा म्हणजे तिचा नवरा, माझे मोठे दीर. बसच्या डेपोत मेकॅनिक होते. मागच्या अंगणातला हौद त्यांनीच स्वतःच्या हाताने बांधला. डेपोत बसगाड्या धुतात तिथल्या गटारात त्यांना ते कासव सापडलं होतं, ऑइलने माखलेलं. डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. ताईला वाटलं भाजी आणली, तिने हात घातला आणि किंचाळली. मग चार दिवस दोघांचं बोलणं बंद. त्या चार दिवसांत दादांनी विटा आणल्या, सिमेंट आणलं, खिडकीसमोर हौद बांधला, मधोमध एक चपटा दगड ठेवला आणि कासवाचं नाव ठेवलं मुकादम. का, तर ते दगडावर चढून मान ताणून बसायचं आणि दुसऱ्यांना राबताना बघायचं. दादा म्हणायचे, आमच्या डेपोतल्या मुकादमापेक्षा हा बरा, निदान शिव्या तरी देत नाही.

मग दादांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. अगदीच गेलं नाही. शब्द येतो, पण विहिरीतून बादली ओढून काढावी तसा येतो, आणि पुष्कळदा दोर मध्येच सुटतो. ज्या माणसाच्या जिभेला हाड नव्हतं, त्याची ही गत. हॉस्पिटलातून घरी आणलं तर त्यांनी जेवण सोडलं. चमचा तोंडाशी नेला की मान भिंतीकडे. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. ताईने नळी लावलेली माणसं रोज बघितलेली, त्यांच्या चादरी तीच तर धुते. ती म्हणाली, "नळी नको."

पलंग खिडकीशी सरकवला तो हवा लागावी म्हणून. ताई वाटी घेऊन बसलेली, दादांचं तोंड बाहेर, आणि मुकादम पाण्यातून निघून धडपडत दगडावर चढला. एकदा घसरला, परत चढला. दादांच्या ओठांवर काहीतरी हललं, तोंड जरासं उघडलं. ताईने तेवढ्यात चमचा आत घातला. संधी साधणं म्हणतात ते हे.

तेव्हापासून तोच नियम. आधी मुकादम दिसायचा, मग घास. ताई सकाळी कामावर जाण्याआधी भरवायची आणि संध्याकाळी आल्यावर. दुपारचं माझ्याकडे. माझ्या हातून दोन-तीन चमचे, बस्स. मुकादम समोर नाचला असता तरी पुढचा नाही. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. मऊ भात मी पण तितकाच मऊ करते.

आणि मग तो उन्हाळा आला. आमच्या अंगणात झाड नाही, ऊन सरळ हौदात. पाणी हिरवं झालं, बोट घालवेना इतकं तापलं. मुकादम दगडावर यायचा बंद झाला. तळाशी जाऊन बसायचा, टाकलेलं खायचा नाही. ताईने त्याला बादलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, स्वतःची रजा टाकून. ते म्हणाले, याला आजार बिजार काही नाही, उकडतंय बिचाऱ्याला. पाण्यावर सावली करा, निम्म्याहून जास्त हौद झाकला गेला पाहिजे, नाहीतर हा उन्हाळा काढत नाही. पाण्यातली झाडं लावा, पाणीही गार राहील, त्याला चघळायलाही होईल. ताईने घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी सरळ होता. पण मला कळलं. मुकादम गेला की घास गेला, आणि घास गेला की नळी.

मी म्हटलं, झाडं कशाला, हॉस्पिटलभर चादरी आहेत, एक जुनी आणून वर बांध. बांधली. दुपारच्या वाऱ्याने ती दोनदा उडून शेजारच्यांच्या छपरावर गेली, आणि बांधलेली असताना खालचं दादांना काही दिसेना. माझी अक्कल तिथे संपली.

मग नर्सरी. कामावरून सुटून ताई तिकडे जायची, घरी यायच्या उलट दिशेला. नर्सरीवाला बोलघेवडा, त्याच्याकडे प्रत्येक झाडाची तारीफ तयार. पहिल्यांदा त्याने लिली दिली. पाण्यावर पसरणारी गोल पानं, एकेक ताटलीएवढं. हौदात सोडली आणि आम्ही दोघी कौतुकाने बघत उभ्या राहिलो. सकाळी पाण्यावर नुसते देठ. मुकादमाला भूक लागली होती ही त्यातली चांगली गोष्ट. दुसऱ्यांदा गोंडाळ आणला, कोबीच्या छोट्या गड्ड्यांसारखा तरंगणारा. तो आठवडाभर टिकला, कारण मुकादमाला रोज थोडा थोडा खायचा होता. तिसऱ्यांदा नर्सरीवाला म्हणाला, मग जलपर्णी न्या, हिला कोणी संपवू शकत नाही. खरंच होतं त्याचं. बघता बघता हौदभर गच्च हिरवं झालं, जांभळे तुरे काय आले, पाणी काय गार झालं! मुकादम खाली सुखात. आणि दादांना हौदाच्या जागी कोथिंबिरीचा वाफा दिसायला लागला. पहिल्या दिवशी त्यांनी खूप वेळ वाट बघितली, मग मान भिंतीकडे केली. रात्रीही घास नाही, दुसऱ्या सकाळीही नाही.

सुटीच्या दिवशी ताई हौदात उतरली आणि जलपर्णी उपसून काढली. गुडघाभर पाण्यात, साडी खोचून, ढिगाऱ्यावर ढीग. मी मदतीला गेले तर म्हणाली, तू तुझे कपडे शीव, गिऱ्हाईक बोंबलतंय. आठवड्याच्या त्या एका सुटीत तिला पाठ टेकायची होती, मला माहीत होतं. करायला गेलो एक नि झालं भलतंच, असं मी म्हटलं. ती पुढचा ढीग उपसायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिने नर्सरीवाल्याला पहिल्यांदाच नीट सांगितलं की तिला काय हवंय. सावली पडेल असं हवं, कासवाने खाल्लं तरी पुरून उरेल असं हवं, आणि पलंगावरून कासव दिसेल असं हवं. नर्सरीवाला हसला. म्हणाला, "असं झाड असतं तर मीच त्याच्याखाली जाऊन बसलो नसतो का?" पण मग त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं असावं. दुकान बंद करायची वेळ होती, तरी तो तिच्याबरोबर बसला आणि वाळूत काडीने हौद काढला. ऊन कुठून येतं, पलंग कुठे, दगड कुठे, सगळं विचारून घेतलं. पश्चिमेच्या कडेला पाणकणीस लावायचं, जड कुंड्यांत, म्हणजे त्याची उंच पाती दुपारनंतरचं ऊन अडवतील आणि इतकी चिवट असतात की कासव तोंड लावणार नाही. मध्यावर लिलीच्या दोन कुंड्या, बुंध्याशी दगड रचून, म्हणजे पानं खाल्ली तरी कांदा शाबूत राहील आणि नवी येत राहतील. खिडकीच्या बाजूचं पाणी मोकळं. गोंडाळ वेगळ्या टपात वाढवायचा, मूठभर रोज टाकायचा, म्हणजे कासवसाहेबांचं पोट भरेल.

आणि जमलं! पाणकणसं माझ्या खांद्याइतकी वाढली, पाण्यावर आडव्या सावल्या पडू लागल्या. मुकादम परत दगडावर आला. सकाळी दादांनी अख्खी वाटी संपवली, ताई ती वाटी घेऊन माझ्या दारात दाखवायला आली. असं हसू मी तिच्या तोंडावर किती दिवसांनी पाहत होते.

पण मुकादम लिलीच्या कोवळ्या पानांना सोडेना. पान पाण्यावर यायच्या आधीच खाली गट्ट. ताईला धास्ती बसली की लिली मरेल, मध्यावरची सावली जाईल, परत पाणी तापेल. धुलाईखान्यात जाळीच्या पिशव्या असतात, मोजे-टोप्या असलं बारीक सामान त्यांत घालून धुतात. फाटलेल्या पिशव्या बायका घरी आणतात आणि या पिशव्यांविना कुणाचं पान हलत नाही. कांदे त्यांत, भांडी निथळायला त्यांत, मुलांचे चेंडू त्यांत. ताईने दोन पिशव्या आणून कुंड्यांवर ओढल्या, दगडांनी दाबल्या. मी बघितलं आणि शाबासकी दिली. पाणी जातं, ऊन जातं, फक्त तोंड जात नाही, याच्याहून चांगलं काय असणार?

कासव बुडतं, हे आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं. पाण्यातलं जनावर पाण्यात कसं बुडेल? पण त्यालाही श्वासाला वर यावं लागतं. मुकादमाने कोवळ्या पानासाठी पिशवीत डोकं खुपसलं, पुढच्या पायाची नखं जाळीत अडकली, आणि तो वर येऊ शकला नाही.

उजाडताना ताईने हाक मारली, "धाकटे, इकडे ये." ती हौदाच्या कठड्यावर बसली होती, मांडीत ती पिशवी, पिशवीत मुकादम. पाणी ठिबकत होतं तिच्या पायांवर. म्हणाली, "माझ्याच हाताने." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती उठली, पाणकणसांच्या मागे मी खड्डा खणला, तिने त्याला ठेवलं. हात धुतले आणि भात कालवायला घेतला. मी म्हटलं, खरं सांगून टाक. तर परत तेच, "नळी नको." मी म्हटलं, दुसरं कासव आण मग. "अजून एक मारू?" म्हणाली.

त्या सकाळी ती पलंगाशी बसली आणि दादांना म्हणाली, मुकादम आज पानाखाली बसलाय, ऊन लागतंय ना त्याला. मी दारात उभी. दादा बाहेर बघत राहिले. इतका वेळ, की मला वाटलं आता मान वळणार. मग तोंड उघडलं. ताईने चमचा आत सरकवला, घास गेला.

आता एक नवीनच पंचाईत उभी राहिली. खाणारं कोणी नाही म्हटल्यावर लिली फोफावली. पानावर पान, एकजात गुळगुळीत, अख्खं. ताईच्या लक्षात आलं ते आधी. मुकादमाने आयुष्यात एक पान अख्खं सोडलं नव्हतं आणि दादांना ते पक्कं माहीत. म्हणून रोज उजाडायच्या सुमारास, दादा झोपेत असताना, ताई हौदाशी गुडघे टेकून बसायची आणि नखांनी पानांच्या कडा कुरतडायची. अर्धगोल, अर्धगोल, मध्ये एखादा मोठा लचका. मी माझी कात्री देऊ केली तर म्हणाली, कात्रीने सरळ कापलं जातं. कळी दिसली की मोडायची, कारण कळी म्हणजे मुकादमाचा जीव की प्राण. मग टपातला गोंडाळ मूठभर पाण्यात टाकायचा, दुसऱ्या दिवशी तोच गुपचूप काढून घ्यायचा. मग डबा, मग भरवणं, मग धुलाईखाना. एका संध्याकाळी भरवता भरवताच तिला डुलकी लागली, चमचा हवेत तसाच. मी तो काढून घेतला तर दचकून म्हणाली, "दिसला का मुकादम?" मला तिचा इतका संताप आला, की मी उठून घरी निघून आले. मेलेल्या कासवाची चाकरी करत होती बाई. आणि जेवण चालू होतं, म्हणून मला बोलताही येत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी मी दादांपाशी बसले होते. त्यांनी माझे ठरलेले दोन चमचे घेतले होते. बाहेर बघते तर खिडकीच्या बाजूला लिलीची एक कळी वर आलेली, चांगली अंगठ्याएवढी, टोकाला गुलाबी. ताईच्या नजरेतून सुटली होती. मी वाटी दादांच्या मांडीवर ठेवली, आलेच म्हणाले, बाहेर जाऊन ओणवी झाले आणि कळी धरली. तोच खिडकीच्या गजांवर टकटक. दादा डाव्या हाताने चमचा गजावर आपटत होते. मला वाटलं घशात अडकलं काही, धावत आत आले. तसं काही नव्हतं. ते बाहेर बोट दाखवत होते आणि शब्द ओढत होते. मी थांबले.

"फुलू दे," म्हणाले.

मी वेड पांघरलं. म्हटलं, फुलू दे काय, मुकादम ठेवणार आहे का ती? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझीच लाज वाटली. मग पुन्हा ओढायला लागले. "पिशवी," म्हणाले. पुष्कळ वेळाने, "पाहिली."

म्हणजे पहिल्याच सकाळी. ते जागे होते. तिने पिशवी वर काढलेली, मांडीत घेऊन बसलेली, मी खणलेला खड्डा, सगळं त्यांनी या पलंगावरून बघितलं होतं. आणि त्यानंतर रोज उजाडताना आपली बायको गुडघ्यांवर बसून पानं कुरतडते, तेही बघत होते. हाताने त्यांनी नखं चालवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "दमते."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. एवढं माहीत होतं तर सांगायचं नाही का, असं मी तोंडावर बोलले, एका शब्दाला घाम गाळणाऱ्या माणसाला. त्यांनी नुसती कळीकडे मान केली. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या घराला ठाऊक आहे. दादांनाही ठाऊक असणार, म्हणून तर मला सांगितलं.

संध्याकाळी ताई कठड्याला धरून थांबली होती तिथेच मी तिला गाठलं आणि सगळं सांगितलं. आधी वाटलं तिला समजलंच नाही. मग हळूच म्हणाली, "मग जेवत होते कशासाठी?"

मी म्हटलं, मला काय विचारतेस, ज्यांनी खाल्लं त्यांना विचार.

ती तशीच आत गेली, चपला पायात, पिशवी खांद्याला. मी मागोमाग गेले, ताटाचं निमित्त करून. पलंगाशी उभी राहून ती म्हणाली, "अहो, मुकादम मेला. माझ्यामुळे मेला." दादांनी मान हलवली. तिचा आवाज चढला, "माहीत होतं, तर घास कसा उतरत होता घशाखाली? सांगा ना, कशाला खात होतात?"

दादांचं तोंड हलायला लागलं. शब्द येईना. एकदा अर्ध्यावर येऊन गेला, कपाळावर घाम आला.

"तू भरवतेस," दादा म्हणाले.

ताईने खांद्यावरची पिशवी काढली आणि पलंगाच्या कडेला बसली. मी ताट वाढून आणलं, दोघांच्या मध्ये ठेवलं आणि माझ्या घरी आले.